जोडीतला एक ससा गेला, आता दुसरा कधी आणायचा? (आमच्या ग्राहकांसाठी माहिती)

"ताई, आमच्या जोडीतला एक काल गेला, दुसरा नुसता कोपऱ्यात बसून आहे, संध्याकाळपर्यंत नवीन ससा मिळेल का?" या अर्थाचा मेसेज येत नाही असा महिना जात नाही, आणि दरवेळी तेच सगळं टाइप करत बसायला लागतं म्हणून एकदाच नीट लिहून ठेवलंय. ज्यांना लिंक पाठवली असेल त्यांनी राग मानू नका, फोनवर पण हेच सांगितलं असतं.

आधी एक क्लिअर करते, आम्ही ससे विकत नाही. पुण्यात सशांचं बोर्डिंग, गवताची डिलिव्हरी आणि जोडी जमवून देणं (म्हणजे दोन सशांना न भांडता एकत्र राहायची सवय लावणं) एवढंच आमचं काम. त्यामुळे "लगेच आणू नका" म्हणण्यात आमचा तोटा नाही आणि फायदापण नाही, अनुभवाने सांगतोय एवढंच समजा.

पिंजऱ्यात सरळ सोडू नका

बाकी काही वाचलं नाही तरी चालेल पण हे वाचा. नवीन ससा आणून जुन्याच्या पिंजऱ्यात सोडायचा नाही. पहिल्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी नाही, पिल्लू असलं तरी नाही.

बिचारा एकटा पडलाय, सोबत मिळाली की खूश होईल, असं आपल्याला वाटतं. त्याच्या बाजूने बघा. त्याचा जोडीदार गायब झालाय, अंगात ताकद नाही, आणि अशात त्याच्या घरात, त्याच्या लिटर बॉक्सवर (शी-शूच्या ट्रेवर) कोणीतरी अनोळखी येऊन बसलंय. पहिली एकदोन मिनिटं दोघं नाक हलवत हुंगतात, घरचे व्हिडिओ काढतात, "बघा किती गोड" वगैरे. मग एकाची शेपटी वर जाते, कान मागे सपाट होतात, दोघं गोल गोल फिरायला लागतात आणि तिथून पुढे थांबवायला वेळ मिळत नाही. सशाची कातडी पातळ असते, चावा बसला की टराटर फाटते. नर असतील तर आंडावर चावतात, टाके घालायला न्यावं लागतं. आणि सोडवायला हात घालू नका प्लीज, तुमच्या बोटाचा तुकडा पडेल, जाड टॉवेल टाका किंवा केराची सुपली मधे घाला.

यात आमचा वेळ कुठे जातो ते सांगते. भांडण झाल्यावर लोक आमच्याकडे येतात, "आता तुम्ही जमवून द्या." ससे भांडण विसरत नाहीत हो. जी जोडी एरवी दोनतीन आठवड्यांत जमली असती तिला मग महिने लागतात, आणि काही कधीच जमत नाहीत, त्या घरात कायमचे दोन पिंजरे आणि फिरायला सोडायच्या दोन शिफ्ट. म्हणून मारामारी करून आलेल्या जोडीचे दिवस आम्ही जास्त धरतो. पैसे दिवसावर असतात म्हणून लोकांना वाटतं दंड लावतोय, पण खरंच तेवढे दिवस लागतात.

अजून एक. दुकानदाराने "दोन्ही माद्याच आहेत" सांगितलं म्हणून विश्वास ठेवू नका, लहान पिल्लात त्यालापण कळत नाही. सशांचं काम काही सेकंदात होतं आणि साधारण एकतीस दिवसांनी पिल्लं. व्यायल्या दिवशीच मादी परत गाभण राहू शकते. एकाची जागा भरायला गेलेल्या माणसाच्या घरी मग आठ ससे, आणि ते आठ कुठे ठेवायचे म्हणून फोन पुन्हा आम्हालाच.

मागे राहिलाय तो खातोय का?

नवीन सशाच्या नादात हे राहून जातं आणि घात इथेच होतो. "दुःखात आहे, उद्या खाईल" असं सशाच्या बाबतीत चालत नाही. कुत्रा एक दिवस उपाशी राहिला तर राहू दे, पण सशाचं पोट सतत चालू राहावं लागतं, ते थांबलं की आत गॅस धरतो, गॅसने दुखतं, दुखलं की अजून खात नाही. याला स्टॅसिस म्हणतात. दहाबारा तास तोंडात काही नाही, लेंड्या नाहीत, तर सकाळची वाट न बघता डॉक्टर. आणि कुठल्याही डॉक्टरकडे नाही, ससे बघणारे, म्हणजे एक्झॉटिक बघणारे. त्यांचा नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा, रात्री शोधत बसू नका.

एक गोष्ट मात्र सोपी झालीय. दोघं होते तेव्हा लिटर बॉक्समधल्या लेंड्या कोणाच्या ते कळायचं नाही, आता आहेत त्या याच्याच. रोज सकाळी बघा. हरभऱ्याएवढ्या गोल, कोरड्या, हाताने चुरल्या तर आत गवताचा भुसा दिसणाऱ्या, म्हणजे ठीक. मिऱ्याएवढ्या बारीक, वेड्यावाकड्या, नाहीतर केसांनी माळेसारख्या जोडलेल्या दिसल्या की सावध व्हा. किचनच्या वजनकाट्यावर वजन करून लिहून ठेवा. पाठ गोळा करून बसलाय, कान थंड लागतायत, दात करकर वाजवतोय, तर ते रुसणं नाही, दुखणं आहे.

खात नसेल तर आधी आवडीचं पुढे करा, कोथिंबीर, पुदिना, देठासकट, थोडं ओलं ठेवून. बिस्किट आणि पोळी नको, लाड म्हणून पण नको. आमच्याकडे रिकव्हरी फीडची छोटी पाकिटं मिळतात, पाण्यात कालवून सिरिंजने पुढच्या दातांच्या मागच्या फटीतून गालाच्या बाजूने थोडं थोडं द्यायचं. पण पोट फुगून ढोलासारखं कडक झालं असेल तर काहीही भरवू नका, आत अडकलेलं असू शकतं, आधी डॉक्टरांना दाखवा. हे पाकीट घेताना आम्ही चार प्रश्न विचारतो ते याचसाठी, काहीजण वैतागतात.

आणि गेलेल्या सशाची उरलेली औषधं याला अंदाजाने देऊ नका. घरातलं अमॉक्सिसिलिन तर अजिबात नाही, माणसाला चालणारं हे औषध सशाच्या पोटात गेलं तर आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि ससा जातो. कुत्र्याला लावतात ते फिप्रोनिलचे गोचीड-पिसवांचे थेंबसुद्धा सशाला विष.

गेला तो कशाने गेला?

हा प्रश्न आम्ही फोनवर पहिल्यांदा विचारतो आणि लोकांना तो निर्दयी वाटतो. पण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. दाताचा त्रास, म्हातारपण, गर्भाशयाचा कॅन्सर (नसबंदीचं ऑपरेशन न केलेल्या वयस्कर माद्यांमध्ये हा खूप असतो), यातलं काही असेल तर दुसऱ्याला लागण व्हायचा प्रश्न नाही. पण शिंका, नाकातून घट्ट पांढरं येणं, म्हणजे स्नफल्स, किंवा मान वाकडी होऊन गोल फिरणं, किंवा पिल्लांची हगवण असेल तर जो मागे राहिलाय त्याच्यातपण तेच असण्याची शक्यता धरायची, बाहेरून ठणठणीत दिसत असला तरी. मान वाकडी होण्यामागे बरेचदा ई क्युनिक्युली नावाचा परजीवी असतो, तो लघवीतून पसरतो, रक्त तपासून अंदाज येतो. अशा घरात नवीन ससा नेणं म्हणजे त्याला आजारात नेऊन ठेवणं.

काहीच कळलं नसेल आणि पोस्टमॉर्टेम करायची तयारी असेल तर बॉडी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नको, गोठली की तपासणी नीट होत नाही. डबल पिशवीत, आणि लवकरात लवकर न्या. कुठे न्यायची ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, मुंबईकरांनी परळच्या व्हेटर्नरी कॉलेजला आधी फोन करून बघावा.

साफसफाईचं. हगवण कॉक्सिडिओसिसची (आतड्यातल्या परजीवीची) असेल तर ब्लीच, फिनाइल काही उपयोगाचं नाही, त्याची अंडी त्याने मरत नाहीत. उकळतं पाणी किंवा वाफ लागते. लेंड्या रोजच्या रोज उचला, कारण बाहेर पडल्यापासून लागण करण्याजोगी व्हायला त्या अंड्यांना एकदोन दिवस लागतात, त्याआधी कचऱ्यात गेल्या की काम झालं. लाकडी फळ्या मुरलेल्या असतील तर टाकून द्या.

पण आजार लागणारा नव्हता, तर उलट सगळं धुऊन काढू नका! लोक दुःखात पहिलं काम तेच करतात, एका दिवसात पिंजरा लख्ख. मागच्याला त्या वासाचाच आधार असतो, जोडीदाराची चादर राहू दे काही दिवस. बॉडी दाखवायची का, तर हो, लागणारा आजार नसेल तर तास-दोन तास शेजारी ठेवा. कोणी चाटतो, कोणी अंगावरून उडी मारून जातो, कोणी ढुंकून बघत नाही आणि कोथिंबीर खायला लागतो. ज्यांनी पाहिलेलं असतं ते घरभर शोधत फिरत नाहीत, निदान आमच्याकडे आलेल्यांत असं दिसलंय.

मग किती थांबायचं

लागणीचा आजार होता तर डॉक्टर मोकळं म्हणेपर्यंत. नव्हता, तर मागचा नीट खातोय, वजन टिकलंय, एवढं झालं की सुरुवात करता येते, वर्ष वगैरे पाळायची गरज नाही. काही ससे जोडीदाराशिवाय खातच नाहीत, तेव्हा आम्ही स्वतः घाई करतो, पण तेव्हासुद्धा जाळीपलीकडून, एका पिंजऱ्यात नाही.

आणि काहींना नवीन जोडीदार नकोच असतो. नऊ-दहा वर्षांचा ससा, सांधे दुखतायत, त्याला तुमच्या पायाशी बसायला आवडतंय, तर त्याला बसू द्या की. काही ससे तर आठवड्यात जास्त खायला आणि उड्या मारायला लागतात, कारण गेलेला त्यांना दाबून ठेवत होता, हे मालकांना ऐकवत नाही पण असतं असं. अशांना आम्ही जोडीसाठी बुकिंग घेत नाही.

आमच्याकडे कसं करतो

दोघांचंही नसबंदीचं ऑपरेशन झालेलं हवं. यावरून आम्ही बरंच ऐकून घेतलंय, "तुम्ही डॉक्टरांशी सेटिंग केलंय का" इथपर्यंत. हॉर्मोन शांत व्हायला महिना-दीड महिना लागतो आणि नर ऑपरेशननंतरसुद्धा चारपाच आठवडे पिल्लं देऊ शकतो, म्हणून तेवढं थांबतो. नवीन ससा दोन आठवडे वेगळ्या खोलीत. मग जाळीच्या दोन बाजूंना, मधे थोडं अंतर सोडून, म्हणजे नाकाचा चावा बसणार नाही. रोज लिटर बॉक्स अदलाबदल करायचे आणि गवत दोघांना जाळीजवळच घालायचं, पाठ करून का होईना शेजारी शेजारी खायला लागले की अर्धं काम झालं.

पहिली भेट दोघांनाही अनोळखी जागेत, थोडाच वेळ. तेव्हा एक गंमत बघायला मिळते, दोघंही डोकं जमिनीला टेकवून समोरासमोर बसतात, म्हणजे "तू मला चाट". कोणीच चाटत नाही. असं बराच वेळ चालतं, कधी कधी एकजण वैतागून नाकाने ढुशी देतो. मग एखाद्या दिवशी एकजण पुढे सरकून दुसऱ्याच्या कपाळावरून जीभ फिरवतो, डोळ्यांच्या मधे, कानांच्या मुळाशी, आणि खालचा डोळे मिटून अजून सपाट होतो. ते दिसेपर्यंत आम्ही घरी पाठवत नाही, आणि नंतरही दोन दिवस-रात्र एकत्र काढल्यावरच. एप्रिल-मेमध्ये दुपारच्या भेटी बंद, उकाडा आणि टेन्शन एकत्र सशाला झेपत नाही.

पैसे दिवसावर घेतो, गॅरंटी देत नाही. गॅरंटी देणारा कोणी भेटला तर त्याला विचारा की ऑपरेशन झालंय का हे त्याने विचारलं का. नाही जमलं तर रेस्क्यूतल्या दुसऱ्या सशाबरोबर ट्राय करता येतं, म्हणून आधीच विकत घेऊन येण्यापेक्षा इथे येऊन तुमच्या सशालाच निवडू द्या, दुकानातला परत कोणी घेत नाही.

गवताबद्दल: आता एकच आहे म्हणून ढीग अर्धा करू नका, समोर भरपूर दिसलं तरच तो येता-जाता खातो. टिमोथीचं छोटं पाकीट सुरू केलंय, एकट्या सशाला पुरतं, शिळं होत नाही. लसूणघास मोठ्या सशाला रोज नको, कॅल्शियमने लघवी खडूसारखी होते. मावळातला भाताचा पेंढा फुकट मिळतो तो अंथरायला छान, पण त्यावर ससा जगत नाही.

जोडीसाठी यायचं ठरलं तर येताना ससा आंघोळ घालून आणू नका (एरवीही नको), त्याचा लिटर बॉक्स न धुता आणा, रोजचं खाणं आठवडाभर पुरेल इतकं, आणि गेलेल्या सशाच्या डॉक्टरांचा कागद. आणि मेसेज करताना सशाच्या तोंडाचे फोटो नकोत, सगळेच ससे उदास दिसतात, काल रात्रीपासूनच्या लेंड्यांचा फोटो पाठवा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून.