पेनसिल्व्हेनियातील जर्मन घराण्यांचा जमीन-अभिलेखांवरून वंशशोध

अठराव्या शतकात ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातून पेनसिल्व्हेनिया या ब्रिटिश वसाहतीत स्थायिक झालेल्या जर्मन कुटुंबांच्या पुढील पिढ्या जमिनीच्या कागदपत्रांवरून ठरविण्याची ही वंशावळशास्त्रातील पद्धती आहे. वसाहतीत जन्ममृत्यूची सरकारी नोंद होत नसे आणि चर्चची दप्तरे तुटक असत. त्यामुळे शेत कोणाकडून कोणाकडे गेले हाच पुष्कळदा नात्याचा एकमेव लेखी पुरावा उरतो.

1681 मध्ये दुसऱ्या चार्ल्सने ही वसाहत विल्यम पेन याला दिली आणि 1683 मध्ये जर्मनीतील क्रेफेल्डहून आलेल्या कुटुंबांनी जर्मनटाउन वसविले. मोठा ओघ मात्र त्यानंतरचा आहे. 1727 पासून फिलाडेल्फियास उतरणाऱ्या सोळा वर्षांवरील जर्मन पुरुषांना राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे. त्या याद्यांवर अनेकांच्या स्वहस्ते केलेल्या जर्मन सह्या आहेत, तर जमिनीच्या कागदांत तीच नावे इंग्रज कारकुनाने कानाला जशी ऐकू आली तशी उतरविली आहेत. म्युलरचा मिलर होतो, तर कधी नावाचे इंग्रजीत भाषांतर होऊन झिमरमनचा (सुताराचा) कार्पेंटर होतो. योहान हे नाव तर एकाच घरातील चार भावांना असे व व्यवहारात त्याच्यापुढचे दुसरे नाव चाले. केवळ नावावरून ओळख पटविण्यात जाणकारही फसतात ते यामुळेच.

जमीन मिळविण्यासाठी आधी अर्ज करावा लागे. त्यावर वॉरंट, म्हणजे मोजणीचा हुकूम, निघे. मग उपमोजणीदार क्षेत्र मोजून नकाशा काढी आणि पूर्ण पैसे भरल्यावर पेटंट, म्हणजे मालकीची सनद, मिळे. 1732 पासून 100 एकरांस 15 पौंड 10 शिलिंग असा दर होता व शिवाय एकरी अर्धा पेनी वार्षिक सारा होता. मोजणी झाली की शेतकरी नांगर धरी आणि सनदेचा खर्च पुढे ढकली, कधी चाळीस-पन्नास वर्षे. पेन घराण्याच्या वसुलीला मारक ठरलेली ही दिरंगाई संशोधकाच्या मात्र पथ्यावर पडली आहे, कारण उशिरा निघालेल्या सनदेत मूळ वॉरंट कोणाचे, तो केव्हा वारला, कोणत्या मुलांनी आपला हिस्सा कोणास विकला, ही सारी साखळी लिहावी लागे. सातबारा आणि फेरफार यांसारखी एका शेताची अखंड चालत आलेली नोंद तेथे नव्हती. ही साखळी हाच तिचा पर्याय आहे.

मोजणीच्या नकाशात चतुःसीमा दिलेली असते: कोपऱ्यावरचा पांढरा ओक, तेथून अमुक दिशेस इतके पर्च (एक पर्च साडेसोळा फुटांचा), पुढे शेजाऱ्याचे नाव. रस्त्यांसाठी शेकडा सहाची सूट धरलेली असते. शेजाऱ्याच्या नावांकडे दुर्लक्ष करणे ही घोडचूक होय. लग्ने बहुधा त्याच बांधाच्या पलीकडे जुळत. जागेचा इतिहासही पाहावा लागतो. टल्पहॉकन खोऱ्यात न्यूयॉर्ककडील जर्मन कुटुंबे 1723 पासून राहत होती, पण लेनापे या मूळ रहिवाशांकडून ती जमीन 1732 मध्ये घेण्यात आली आणि विल्यम पेनच्या मृत्यूनंतरच्या वारसावादात जमीन-कार्यालयाचे कामही थंडावलेले होते. म्हणून तेथील पहिल्या वॉरंटची तारीख कुटुंबाच्या आगमनाची समजता येत नाही.

मृत्युपत्र न करता बाप वारल्यास ऑर्फन्स कोर्टात, म्हणजे मृतांच्या मालमत्तेचे काम पाहणाऱ्या न्यायालयात, वाटणी होई. तीत सर्व वारसांची, विवाहित मुलींच्या नवऱ्यांसह, नावे येतात. थोरल्या मुलास दुप्पट हिस्सा मिळे आणि हा नियम 1794 मध्ये संपला. शेत तुकडे करण्याजोगे नसेल तर एक मुलगा ते ठरलेल्या किमतीस घेई व भावंडांना रोख देई. परकीयाची जमीन वारसांकडे निर्वेध जाण्यात इंग्रजी कायद्याची अडचण असल्याने, 1740 च्या ब्रिटिश कायद्यान्वये सात वर्षांच्या वास्तव्यानंतर मिळणारे नागरिकत्व अनेकांनी घेतले. त्या याद्याही जमिनीच्या तारखांशी ताडून पाहतात.

1779 मध्ये वसाहतीच्या जागी आलेल्या नव्या राज्याने पेन घराण्याचे न विकलेल्या जमिनीवरील हक्क काढून घेतले. जुने वॉरंट व नकाशे आज हॅरिसबर्ग येथील राज्य अभिलेखागारात आहेत. 1779 पर्यंत अनेक घरांतील धाकटे मुलगे दक्षिणेस व्हर्जिनियातील शेनँडोआ खोऱ्यात गेले होते. बापाच्या शेतातील हिस्सा विकण्यासाठी त्यांनी तेथून पाठविलेली मुखत्यारपत्रे काउंटीच्या (जिल्ह्याच्या) खरेदीखतांच्या वह्यांत सापडतात आणि दोन वसाहतींतील एकाच नावाचे इसम एकाच घराण्यातले असल्याचे त्यांवरून सिद्ध होते.