ट्रस रॉड फिरवण्याआधी हे वाचा

(स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार घेणाऱ्या आणि घेऊन बसलेल्या ग्राहकांसाठी)

गणपती जवळ आले की दुकानात ऑनलाइन मागवलेल्या गिटारी यायला लागतात. तक्रार ठरलेली: तारा वर आहेत, बोटं दुखतात, मधेच करकर येते. तोपर्यंत घरात एक उद्योग होऊन गेलेला असतो. कोणीतरी व्हिडिओ बघून, खोक्यात आलेली एल-की (एल आकाराची किल्ली) नेकच्या, म्हणजे गिटारीच्या दांडीच्या, टोकाला घालून, तारा खाली येईपर्यंत पिळलेली असते.

त्या किल्लीने जी नेकच्या आतली धातूची सळई आवळते, ती म्हणजे ट्रस रॉड. तो तारांची उंची बदलण्यासाठी नसतो. ९ नंबरचा तारांचा सेट (जाडी ०.००९ ते ०.०४२ इंच) सुरात लावला की सहा तारा मिळून नेकला ३८ किलोच्या आसपास ओढतात. त्या ओढीला उलटा जोर द्यायला आत ही सळई बसवलेली असते. तिचं काम एवढंच, की नेकला अगदी थोडा बाक राहावा. तो बघणं सोपं आहे. पहिल्या फ्रेटला (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावा, नेक बॉडीला मिळतो तिथला फ्रेट जाड तारेवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यातली फट बघा. ०.२ ते ०.२५ मिलिमीटर, म्हणजे व्हिजिटिंग कार्डापेक्षा जरा कमीच, असेल तर रॉड जागच्या जागी बरा आहे.

जास्त आवळला की नेक मागे वाकतो. तारा खाली आल्यासारख्या वाटतात, पण पहिल्या चार-पाच फ्रेटवर त्या टेकायला लागतात आणि करकर सुरू होते. मग माणूस ब्रिजकडून, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तिथून, तारा उचलतो. आता तारा वरही आहेत आणि करकरही आहे! अशी गिटार आली की आम्हाला आधी केलेलं निस्तरावं लागतं, मग खरं काम. किल्ली बसते त्या रॉडच्या नटाची षटकोनी खाच घासून गोल झाली असेल तर अजून वेळ. आणि रॉडच तुटला तर दुरुस्ती गिटारीच्या किमतीला भिडते.

‘पाव वळसा फिरवायचा, त्याला रात्रभर कशाला ठेवून घेता?’ असं बरेच जण विचारतात. लाकूड लगेच बसत नाही. थोडं फिरवायचं, परत सुरात लावायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचं. त्यातही आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड दमट हवेने फुगतं आणि एप्रिल-मेत आकसतं. दहा मिनिटांत करून दिलेली गिटार आठवड्यात परत येते, त्यापेक्षा एक रात्र परवडली.

तारांची उंची ठरते ब्रिजवरच्या सॅडलवर, म्हणजे तारेखालच्या छोट्या टेकूवर. बाराव्या फ्रेटवर जाड ई (सगळ्यात जाड तार) साधारण २ मिलिमीटर, बारीक ई (सगळ्यात बारीक तार) दीड मिलिमीटर, एवढं बहुतेकांच्या हाताला जमतं. उंची बदलली की बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून येणारा सूर) आणि दाबलेला बारावा फ्रेट यांचा सूर ट्यूनरवर जुळवून बघा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे.

स्वस्त गिटारीत खरी खोड बहुतेक वेळा वरच्या नटात असते. हा रॉडचा नट नव्हे, खुंट्यांकडे तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी. कारखान्यात त्याच्या खाचा उथळ सोडून देतात. एफ कॉर्ड दाबला की सूर चढतो आणि लोक खुंट्यांना दोष देतात. दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटच्या मधे तार दाबून पहिल्या फ्रेटवर बघा. केसाएवढी फट पुरे. तिथे जास्त जागा असेल तर खाच कानशीने उतरवावी लागते. हे मात्र घरी करू नका. खाच खोल गेली की नटच बदलावा लागतो.

दुकानात गिटार निवडताना, आमचं असो की दुसऱ्याचं, आधी अॅम्प न लावता वाजवा. बारीक तार बाराव्या ते पंधराव्या फ्रेटवर ओढून बघा. सूर मधेच मेला तर फ्रेट वरखाली आहेत, आणि ते घासून एका पातळीत आणण्याचा खर्च मोठा. ती गिटार सोडा. नेकला पीळ असेल तरीही सोडा. फ्रेटची टोकं हाताला खरखरीत लागणं, पॉट (आवाज कमी-जास्त करायची बटणं) खरखरणं या किरकोळ गोष्टी. त्यावर भाव मात्र करून घ्या.

अॅम्प लावल्यावर डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट) बंद ठेवा. डिस्टॉर्शनवर दहा हजारांची आणि लाखाची गिटार सारखीच भारी वाटते. सिंगल कॉइल पिकअपला (तारांचा आवाज पकडणारा, एकाच गुंडाळीचा भाग) थोडी गुणगुण असतेच, तो दोष नव्हे. तारांना हात लावल्यावर ती कमी झाली तर अर्थिंग ठीक. वाढली तर वायरिंग तपासायला हवं.

करकरीबद्दल एक सांगतो. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याला जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी झणझण, मुद्दाम आणतात. गिटारीत ती नको असते. तरी तारा अगदी खाली हव्यात आणि जरासुद्धा झणझण नको, हे दोन्ही एकत्र मिळत नाही. अॅम्पमधून ऐकू येत नसेल तेवढी करकर खपवून घ्या.

आमच्याकडून घेतलेल्या गिटारीचा पहिला सेटअप, म्हणजे वर सांगितलेली सगळी जुळवाजुळव, किमतीतच धरलेला असतो, म्हणून आमचा भाव ऑनलाइनपेक्षा थोडा वर दिसतो. बाहेरून घेतलेल्या गिटारीचंही काम करतो, कुठून घेतली ते विचारत नाही. फक्त त्याचे पैसे वेगळे. आणताना जुन्या तारा काढून आणू नका, ताण असताना नेक बघावा लागतो. ९ वरून १० नंबरवर जाणार असाल तर आधी सांगा, ताण बदलला की सगळं नव्याने लावावं लागतं. आणि रॉड फिरवून झाला असेल तर कुठल्या बाजूला, किती, तेही सांगा. आम्ही रागावत नाही.