अध्यात्मसंवेदी मानसोपचार

रुग्णाची श्रद्धा, देवाशी असलेले त्याचे नाते आणि त्या नात्यातले ताण यांना उपचारात उघडपणे जागा देणारी मानसोपचाराची पद्धत. ही स्वतंत्र शाखा नव्हे. बोधनिष्ठ (विचारांच्या सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या), मनोविश्लेषणात्मक (मनातले दडलेले संघर्ष उलगडणाऱ्या) किंवा अन्य कोणत्याही पद्धतीचा प्रशिक्षित उपचारक तिचा अवलंब करू शकतो. तिचे वेगळेपण तंत्रात कमी आणि ऐकण्यात जास्त असते.

‘देव मला शिक्षा करतोय’ हे एकच वाक्य घेऊ. मनोविकारतज्ज्ञ त्यात तीव्र नैराश्यातली अपराधभावना किंवा भ्रम आहे का ते पाहतो. झोप, भूक, आत्महत्येचे विचार यांची चौकशी करून औषध ठरवतो. विवेकनिष्ठ पद्धतीचा उपचारक त्यामागचा अविवेकी समज हुडकून त्याला आव्हान देतो. कीर्तनकार प्रारब्धाचा दाखला देईल, पाद्री कृपेचा. अध्यात्मसंवेदी उपचारक निदानाचे प्रश्न टाळत नाही, पण त्यांच्यापाशी थांबतही नाही. हा देव कसा आहे, आधीही असाच होता का, शिक्षा नेमकी कशाची, त्याच्याशी बोलणे कधी तुटले, असे तो विचारत जातो. उत्तर मात्र सुचवत नाही. देव आहे की नाही, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येतच नाही; नास्तिक रुग्णालाही जगण्याच्या अर्थाविषयी तो हेच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतो.

मानसोपचाराला धर्माचे वावडे होते, त्याची मुळे मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याच्यापर्यंत जातात. १९०७ मध्ये त्याने धार्मिक कर्मकांडाची तुलना मंत्रचळाशी, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या विकाराशी, केली. त्याआधी, १९०२ मध्ये, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने धर्मानुभवाकडे बऱ्याच सहानुभूतीने पाहिले होते, पण दवाखान्यात टिकली ती फ्रॉइडची शंका. १९८० मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन बर्गिनने उपचारकांच्या धर्मविषयक मौनावर बोट ठेवले आणि अल्बर्ट एलिसने त्याला कडक उत्तर दिले. हा एलिस म्हणजे कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी वाचकांच्या परिचयाचा झालेला विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा जनक. पुढे एलिसचीही धर्माविषयीची भूमिका काहीशी मवाळ झाली. मनोविकारांच्या १९९४ च्या अमेरिकी निदानपुस्तिकेत ‘धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या’ ही नोंद आली, तीही विकार म्हणून नव्हे, तर उपचारकाने लक्ष देण्याजोगी बाब म्हणून.

श्रद्धा नेहमी आधारच देते, असा या पद्धतीचा दावा नाही, आणि तिच्या उत्साही समर्थकांना नेमका याचाच विसर पडतो. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट व सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या ५९६ वयस्क रुग्णांचा दोन वर्षे मागोवा घेतला. देवाने आपल्याला टाकले, त्याचे आपल्यावर प्रेम उरले नाही, असे वाटणाऱ्यांत मृत्यूचा धोका अधिक आढळला (२००१). म्हणून श्रद्धेतला झगडा स्वतंत्रपणे विचारावा लागतो. वारकरी परंपरेत देवाशी भांडण नवे नाही. जनाबाई तर विठोबाला चक्क शिव्या घालते. पण रुग्णाला आपल्या रागाचीच लाज वाटत असेल, तर तो ‘माझी श्रद्धा पक्की आहे’ एवढेच म्हणून विषय मिटवतो.

परिणामकारकतेचे चित्र संमिश्र आहे. ९७ अभ्यासांच्या २०१८ मधील आढाव्यात, एकाच पद्धतीची धर्मनिरपेक्ष आणि श्रद्धेशी जुळवून घेतलेली रूपे समोरासमोर ठेवल्यावर मानसिक त्रास दोन्हींत सारखाच कमी झालेला दिसला. आध्यात्मिक स्वास्थ्यात मात्र दुसरे रूप सरस ठरले. उपचारकाने स्वतःची श्रद्धा किंवा अश्रद्धा रुग्णावर लादणे, हा सर्वांत मोठा धोका. जागतिक मनोविकार संघटनेने २०१६ च्या निवेदनात अशा लादण्याला स्पष्ट नकार दिला आहे.

बुवाबाजीशी या पद्धतीचा संबंध नाही. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण दगावले. महाराष्ट्रात भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात मात्र ‘दवा आणि दुआ’ हा उपक्रम चालवला गेला. हे मानसोपचाराचे सत्र नव्हे. पण तिथे मुजावरांना (दर्ग्याच्या सेवेकऱ्यांना) मनोविकारांची लक्षणे ओळखायला शिकवले गेले, आणि दर्ग्यात आलेल्या माणसाला दुआ न सोडता औषधही घेता आले.