दवंडी

हलगी, डफ किंवा ढोल वाजवत गावातून फिरून सरकारी अथवा गावकीची सूचना तोंडी जाहीर करण्याची पद्धत. मराठीत दवंडी 'पिटतात', 'देतात' आणि ती 'फिरते'ही. 'डांगोरा' हा तिचा जुना सोबती. तो आता बहुतेक बदनामीपुरताच उरला आहे. कुणाच्या भानगडीचा डांगोरा पिटला जातो, पाणीपट्टीच्या शेवटच्या तारखेचा पिटत नाहीत. संस्कृतात याच कामाच्या लहान ढोलाला डिंडिम म्हणत.

दवंडी एकदा फिरली की 'मला ठाऊक नव्हते' म्हणायची सोय संपते. शासन बोलले आणि गावाने ऐकले असे धरून पुढची कारवाई करता येते, तिचे खरे वजन यात आहे. प्रत्यक्षात किती कानांवर ती पडली हा प्रश्न वेगळा. हलगीच्या जागी भोंगा आला, भोंग्याच्या जागी मोबाइल आला, तरी तो प्रश्न जागचा हललेला नाही.

दवंडीची वेळ ठरलेली असे: दिवेलागण, म्हणजे माणसे रानातून परतलेली आणि अजून जेवायला बसलेली नाहीत अशी घटका. आधी हलगीवर चार-दोन जोरकस ठोके. पोरे गोळा होतात, बायका उंबऱ्यात येतात, पारावरच्या गप्पा थांबतात. मग हलगी बंद आणि गळा सुरू: "ऐका हो ऐकाऽऽ! उद्या सकाळी धा वाजता चावडीवर तलाठी भाऊसाहेब येणार हाईत. ज्यांची ज्यांची बाकी हाय त्यांनी पैसं घिऊन यावं होऽऽ!" पुन्हा ठोके, आणि स्वारी पुढच्या तिठ्यावर. कधी, कुठे, कोण आणि कशासाठी हे सगळे एका दमात बसवावे लागे. शेवटचा 'हो' लांबवायचा तो उगीच नाही. तेवढ्यात मागच्या आळीतल्या माणसाला कान द्यायला वेळ मिळतो. कचेरीतून आलेला कागद 'संबंधित खातेदारांनी उपस्थित राहून थकीत रकमेचा भरणा करावा' असा असे. त्याचे बोलीत भाषांतर दवंडीवाला चालता चालता करी. या कामाबद्दल त्याचे कौतुक कुणी केल्याचे आढळत नाही.

वेस, चावडी, देऊळ, बाजाराचा चौक हे दवंडीचे ठरलेले थांबे. गावठाणापासून दोन-तीन किलोमीटरवर मळ्यात राहणाऱ्या वाड्या-वस्त्यांपर्यंत हलगीचा आवाज पोचत नाही. 'आमच्याकडं दवंडी आलीच नाय' ही तक्रार म्हणूनच दवंडीइतकीच जुनी आहे.

हे काम कोणाकडे होते, हे सांगितल्याशिवाय ही नोंद पुरी होत नाही. वतनी व्यवस्थेत गावाचा निरोप्या महार असे. पाळीवर असलेल्या महाराला येसकर किंवा वेसकर म्हणत. चावडीवर माणसे बोलावून आणणे, सरकारी टपाल आणि वसुलीचा भरणा तालुक्याला पोचवणे, मयताची वर्दी देणे आणि दवंडी पिटणे ही त्याची कामे. पुष्कळ गावांत हलगी वाजवणे मातंगांकडे असे. या चाकरीचा मोबदला म्हणजे थोडी इनाम जमीन, बलुते आणि घरोघर मागून आणायची भाकरी. ज्याच्या आवाजावर गावाचा कारभार चाले, त्याला गावाच्या पाणवठ्यावर हात लावायची मुभा नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या राबणुकीविरुद्धच. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर गावोगावच्या नवबौद्धांनी ही कामे नाकारली, आणि कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा १९५८चा कायदा आला. पुढे दवंडीचे काम मानधनावरच्या कोतवालाकडे आणि ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे गेले. आजही काही गावांत हलगी हातात घ्यायला कोणी तयार होत नाही. त्यामागे हा इतिहास आहे, आळस नाही.

जाहीर होणे आणि लागू होणे यांत किती अंतर पडू शकते, याचे मराठी मुलुखातले सर्वांत ठळक उदाहरण महाडचे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. त्याला धरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला. ठराव दप्तरी होता, तळ्यावर मात्र कोणी जाऊ शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकर आणि हजारो सत्याग्रही तळ्यावर जाऊन पाणी प्याले, तेव्हा त्या कागदाची अंमलबजावणी झाली. नगरपालिकेने त्याच वर्षी ४ ऑगस्टला आपला ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेले आणि उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १९३७ साली.

दवंडी म्हणजे जुन्या काळातला ग्रामीण प्रकार, असा शहरी समज असतो. कायद्याची पुस्तके त्याला दुजोरा देत नाहीत. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, आदेश २१ नियम ५४ प्रमाणे, स्थावर मिळकतीवर जप्ती आणताना तो हुकूम मिळकतीवर किंवा तिच्या लगत ढोल वाजवून अथवा रूढ असलेल्या दुसऱ्या रीतीने पुकारावा लागतो. शिवाय हुकमाची प्रत मिळकतीवर ठळक जागी आणि न्यायालयाच्या इमारतीवर चिकटवायची. लिलावाची उद्घोषणाही याच पद्धतीने. त्यामुळे कोर्टाच्या बेलिफाला अहवालात दवंडी दिल्याचे लिहावे लागते आणि पंचांच्या सह्या घ्याव्या लागतात. पुढे लिलावाला कोणी आव्हान दिले तर वकिलाचा एक नेहमीचा प्रश्न असतो: ढोल खरोखर वाजला होता का, की तो नुसता कागदावर वाजला? फरारी आरोपीविरुद्धचा जाहीरनामाही त्याच्या राहत्या गावात ठळक जागी मोठ्याने वाचून दाखवण्याची तरतूद फौजदारी कायद्यात आहे. ग्रामसभेची सूचना फलकावर लावण्याबरोबर दवंडीनेही द्यावी, असे ग्रामपंचायतींच्या नियमांत सांगितले आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ तर माहिती लोकांपर्यंत पोचवण्याच्या साधनांत सूचनाफलक, वृत्तपत्रे आणि इंटरनेट यांच्याच पंक्तीला सार्वजनिक घोषणा बसवतो.

ढोलाचा दुसरा उपयोग लाजवण्याचा. पुणे महापालिकेने मिळकतकर थकवणाऱ्यांच्या दारात बँड वाजवण्याचा उपाय अनेकदा योजला, आणि राज्यातल्या इतर पालिकांनीही तो गिरवला. बँडवाले काहीही पुकारत नाहीत. शेजारच्या इमारतीतली माणसे गॅलरीत आली की काम झाले.

महसूल खात्याचे 'चावडीवाचन' ही दवंडीची सख्खी बहीण. तलाठी गावकऱ्यांसमोर सातबाऱ्याच्या नोंदी मोठ्याने वाचतो आणि ज्याची हरकत असेल त्याने तिथेच उठून बोलायचे. मयताचे नाव अजून खात्यावर आहे, विहिरीची नोंद भलत्याच गटात पडली आहे, असल्या चुका संगणकावर वर्षानुवर्षे दिसत नाहीत; त्या वाचनात दहा मिनिटांत निघतात, कारण ऐकणाऱ्याला बांधाला बांध पाठ असतो. २०१७च्या शेतकरी कर्जमाफीत अर्जदारांच्या याद्यांचेही असे वाचन झाले होते.

नगरपालिका आल्या तसे दवंडीला लेखी भाऊबंद मिळाले. मुंबई इलाख्यात गावोगाव नगरपालिका स्थापन होण्याची वाट १८५०च्या कायद्याने मोकळी केली. आजच्या नगरपरिषदा आणि नगरपंचायती १९६५च्या अधिनियमाखाली चालतात. कचेरीच्या दारातला जाळीबंद, कुलूप लावलेला सूचनाफलक हे या व्यवस्थेचे खास चिन्ह. त्यावर प्रारूप प्रभाग रचना, निविदा, मालमत्ता फेरआकारणीची यादी आणि गेल्या वर्षीच्या लसीकरणाचा कागद हे सगळे एकावर एक टाचलेले असते. खालचा कागद वाचायचा तर वरचा उचलायला हवा, आणि किल्ली ज्या शिपायाकडे आहे तो जेवायला गेलेला असतो. विकास आराखड्यातल्या एखाद्या आरक्षणात नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदल करायचा असेल, तर हरकती-सूचनांसाठी एक महिना मिळतो. खेळाच्या मैदानाचे दुकानांच्या गाळ्यांत रूपांतर होणार असल्याची बातमी पुष्कळदा त्या महिन्यानंतरच गावाला कळते. निवडणुकीआधी प्रभागांच्या आरक्षण सोडतीचा दिवस मात्र उघड्यावर साजरा होतो: सभागृह भरलेले, शाळकरी पोर बरणीत हात घालून चिठ्ठी काढते, आणि पाच वर्षे वॉर्ड बांधत बसलेल्या एखाद्याचा चेहरा तिथल्या तिथे पडतो.

या छापील जगाची भाषाही घडत गेली. 'जाहीर' हा अरबीतून आलेला शब्द. त्याचा मूळ अर्थ उघड, डोळ्यांना दिसणारे. दवंडी कानांची आणि जाहीरनामा डोळ्यांचा, ही वाटणी शब्दातच झालेली आहे. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात 'तमाम लोकांस या जाहीर नोटिशीने कळविण्यात येते की' अशी सुरुवात दिसली की पुढे जमिनीचा व्यवहार, चतुःसीमा आणि हरकतीसाठी दिलेली मुदत येणार हे वाचक ओळखतो. 'तमाम लोकांस' म्हणजे 'ऐका हो ऐका'चाच वकिली अवतार. फरक इतकाच की तो तमाम लोकांनी वाचू नये अशा आकारात छापलेला असतो.

स्थानिक कारभार मराठीतूनच चालावा असा कायदा महाराष्ट्राने २०२२ साली केला. त्यानंतर अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूत लिहिलेल्या नावाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल २०२५मध्ये न्यायालयाने पाटी कायम ठेवली: मराठी आहेच, तिच्यासोबत आणखी एक भाषा वापरायला कायद्याची मनाई नाही. दवंडीवाल्याला हा पेच पडला नसता. ज्या मोहल्ल्यात उभा असेल तिथली बोली तो बोलत असे.

शहरातली आजची दवंडी चाकांवर असते. रिक्षाच्या टपावर दोन कर्णे, आत ध्वनिमुद्रित आवाज: पाणी उकळून प्या, डेंग्यूसाठी कोरडा दिवस पाळा, घरपट्टीवरच्या शास्तीत सवलत. रिक्षा थांबत नाही, त्यामुळे खिडकीतल्या माणसाला वाक्याचा मधला तुकडाच मिळतो. बहुधा 'याची सर्व नागरिकांनी नोंद घ्यावी' एवढाच, म्हणजे कशाची नोंद ते सोडून सगळे. हलगीवाला थांबायचा, आणि ते थांबणेच त्याचे अर्धे काम होते. सकाळच्या घंटागाडीच्या कर्ण्यावरूनही पालिका सूचना देते, पण गाण्याच्या आवाजाला कान इतके सरावलेले असतात की मधली सूचना कचऱ्याबरोबर निघून जाते. २०२०च्या टाळेबंदीत दवंडी आणि रिक्षा दोन्ही गावोगाव पुन्हा फिरल्या. रस्ता रिकामा असल्याने तेव्हा शब्दन् शब्द ऐकू येत होता.

मोबाइलने पोचण्याचा प्रश्न सोडवला असे वाटते. प्रत्येक प्रभागाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यात नगरसेवक आहेत आणि निवडणूक हरलेलेही आहेत. नेहमीचा निरोप असा: 'उद्या जलवाहिनी दुरुस्तीमुळे पाणी येणार नाही, तरी सर्वांनी पाणी जपून वापरावे.' त्यावर तारीख नसते. दवंडीला तारीख लागत नसे, कारण ती त्याच संध्याकाळी हवेत विरून जाई आणि तिचा 'उद्या' तिच्याबरोबर संपे. फॉरवर्ड झालेला 'उद्या' कधीच संपत नाही. चार महिन्यांनी तो दुसऱ्या ग्रुपातून परत येतो आणि अख्खी आळी पिंप, हंडे, कळशा भरून ठेवते. दुसऱ्या दिवशी नळाला नेहमीसारखे पाणी येते. दवंडीवाल्याच्या तोंडावरून आणि हातातल्या हलगीवरून निरोप कुणाचा हे कळत असे. इथे कोण बोलतो आहे तेच कळत नाही.

साध्या भोंग्याने हे सगळे प्रश्न टाळले. शब्द नाही, म्हणून भाषा नाही, तारीख नाही आणि गैरसमजही नाही. पुष्कळ जुन्या नगरपालिकांचा ठरलेल्या वेळी होणारा भोंगा हे त्या गावाचे घड्याळच होते. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे २०२२च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. तो वाजला की घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद करायचे आणि मुलांनी अभ्यासाला बसायचे. साडेआठला तो पुन्हा वाजतो आणि मालिका सुरू होतात.