टेक्नेशियमची तपासणी: पार्श्वभूमी

हाडांच्या, हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या स्कॅनसाठी सर्वाधिक वापरलं जाणारं किरणोत्सर्गी मूलद्रव्य टेक्नेशियम-९९एम दर सहा तासांनी निम्मं होतं. साध्या इंजेक्शनाची बॅच कारखान्यात तपासून महिनाभर ठेवता येते, इथे तो वेळच नाही. म्हणून तपासणीचा मोठा भाग रुग्णालयाच्या हॉट लॅबमध्ये, म्हणजे किरणोत्सर्गी औषधं तयार करण्याच्या खोलीत आला.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत जनरेटर, म्हणजे जागेवरच टेक्नेशियम देणारं उपकरण तयार झालं. ६६ तास अर्धायुष्याचं मॉलिब्डेनम-९९ अ‍ॅल्युमिनाच्या स्तंभात धरून ठेवायचं आणि त्यातून तयार होणारं टेक्नेशियम सलाइनने धुऊन घ्यायचं. मात्र मॉलिब्डेनमही सुटून आलं, तर रुग्णाला विनाकारण जादा किरणोत्सर्ग मिळतो. त्यामुळे मर्यादा ठरली: एक मिलिक्युरी (किरणोत्सर्गाचं एकक) टेक्नेशियममागे मॉलिब्डेनम ०.१५ मायक्रोक्युरी (मिलिक्युरीचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोक्युरी), तीही इंजेक्शन देण्याच्या क्षणी. टेक्नेशियम भराभर घटतं, मॉलिब्डेनम हळू. म्हणजे सकाळी उत्तीर्ण झालेली कुपी संध्याकाळी नापास होऊ शकते.

आपल्याकडे प्रश्न वेगळा होता. मुंबईतल्या तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) अणुभट्टीत मिळणाऱ्या मॉलिब्डेनममध्ये किरणोत्सर्गी अंश कमी, म्हणून पुरेसं टेक्नेशियम मिळेल इतकं ते स्तंभात मावेना. त्यावर उपाय म्हणून रुग्णालयांत बरीच वर्षं द्रावक-निष्कर्षण चाललं. मॉलिब्डेनमचं अल्कधर्मी द्रावण मिथाइल इथाइल कीटोनसोबत घुसळायचं, वरचा थर काढायचा, कीटोन उडवायचं आणि उरलेलं सलाइनमध्ये घ्यायचं. साहजिकच कीटोनचा अंश राहिला नाही ना, ही तपासणीही आली. इथल्या अणुभट्टीला साजेशी पद्धत शोधून ती रोजच्या कामात चालवणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

१९७० च्या सुमारास कथिलयुक्त तयार किट आले आणि तपासणी पुन्हा बदलली. किटच्या कुपीतलं कथिल टेक्नेशियमला हव्या त्या अवयवाकडे जाणाऱ्या औषधाशी बांधायला मदत करतं. कुपीत हवा शिरली की कथिल निकामी होतं आणि मोकळं टेक्नेशियम उरतं. मग हाडांच्या स्कॅनमध्ये थायरॉइड आणि जठर उजळतात. हे आधीच पकडण्यासाठी कागदासारख्या पट्टीच्या टोकाला एक थेंब ठेवून ती अ‍ॅसिटोनमध्ये उभी करतात. मोकळं टेक्नेशियम वर धावतं, बांधलेलं खालीच राहतं. पट्टी कापून दोन्ही तुकडे मोजायचे, की काही मिनिटांत उत्तर मिळतं. घाई आहे म्हणून ही पट्टी टाळणं मला अजिबात मान्य नाही. चुकलेला स्कॅन पुन्हा करायचा, म्हणजे रुग्णाला पुन्हा डोस.

जंतूंमुळे येणाऱ्या ज्वरकारक द्रव्यांसाठी पूर्वी सशांना इंजेक्शन देऊन तापाची वाट पाहावी लागे. नालखेकड्याच्या रक्तपेशींपासून केलेली चाचणी तासाभरात उत्तर देते, म्हणून १९७० च्या दशकात किरणोत्सर्गी औषधांसाठी ती लवकर उचलली गेली. निर्जंतुकतेच्या चाचणीला मात्र आजही चौदा दिवस लागतात. तिचा निकाल येतो तेव्हा औषध रुग्णाच्या शरीरात जाऊन संपलेलंही असतं. म्हणून सगळी भिस्त कुपी भरणाऱ्याच्या हातांच्या स्वच्छतेवर आणि शिस्तीवर असते.