'आपण यांना पाहिलंत का', पण गिटारवर

दूरदर्शन बघत मोठं झालेल्यांना हरवलेल्या माणसांची माहिती सांगणारं 'आपण यांना पाहिलंत का' आठवत असेलच. रंग गव्हाळ, बांधा सडपातळ, अंगात निळा शर्ट, कपाळावर जुन्या जखमेचा व्रण, मराठी आणि हिंदी बोलतात, आणि मग पोलीस स्टेशनचा फोन नंबर. आमच्या घरात तेवढ्यापुरते सगळे गप्प व्हायचे, आजी "कुणाचं लेकरू गं बाई" म्हणायचीच म्हणायची, आणि पुढचा कार्यक्रम लागला की विषय संपला. एकदा मी मुद्दाम विचारलेलं की आत्ता जो मुलगा दाखवला त्याचा शर्ट कुठल्या रंगाचा होता, तर चार माणसांकडून तीन रंग आले.

वाईट कुणालाच वाटत नव्हतं असं नाही, वाईट सगळ्यांना वाटत होतं, पण चेहरा काही डोक्यात राहत नव्हता. आता हीच जाहिरात एखाद्या हिट रॉक गाण्यात घुसवली तर? अमेरिकेत १९९३ मध्ये हे खरंच केलं गेलं आणि त्यात मेंदूबद्दल शिकण्यासारखं बरंच काही आहे.

सोल असायलम नावाचा मिनियापोलिसचा बँड, गाणं 'रनअवे ट्रेन'. गायक डेव्ह पर्नरने ते लिहिलं स्वतःच्या डिप्रेशनबद्दल, म्हणजे ब्रेक फेल झालेल्या गाडीसारखं सुसाट सुटलेलं मन, हरवलेल्या मुलांचा त्यात काही संबंध नाही. पण इंग्रजीत 'रनअवे' म्हणजे घरातून पळून गेलेलं पोरसुद्धा, आणि व्हिडिओचा दिग्दर्शक टोनी के याने तो धागा पकडला. मध्ये मध्ये खऱ्या बेपत्ता मुलांचे फोटो, खाली नाव आणि कधीपासून बेपत्ता ते साल, आणि शेवटी आवाहन की यातलं कुणी दिसलं, किंवा तुम्हीच यातले एक असाल, तर फोन करा. हे 'तुम्हीच असाल तर' मला फार आवडतं, त्यावर पुढे येतो. गाणं बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या नंबरपर्यंत गेलं, १९९४ मध्ये सर्वोत्कृष्ट रॉक गाण्याचं ग्रॅमी मिळालं, आणि एमटीव्हीवर तर ते दिवसरात्र वाजत होतं. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियासाठी तिथल्या मुलांचे फोटो टाकून वेगळे व्हिडिओ केले.

आता यात नवीन काय, असं कुणी म्हणेल, कारण फोटो छापणं तर जुनंच होतं. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत दुधाच्या खोक्यांवर बेपत्ता मुलांचे फोटो असायचे, दुकानांच्या दारात पोस्टर असायची. पण आर्कान्सा विद्यापीठातल्या जेम्स लॅम्पिनेन आणि सहकाऱ्यांनी सुपरमार्केटमधून बाहेर पडणाऱ्या लोकांना थांबवून दारातल्या पोस्टरबद्दल विचारलं, तेव्हा बहुतेकांनी ती धड बघितलेलीच नव्हती असं निघालं. विषय महत्त्वाचा वाटतो का विचारलं तर हो, वाटतो. म्हणजे आमच्या घरासारखंच.

आणि समजा नीट बघितलं तरी दुसरी भानगड आहेच. आपल्याला वाटतं आपण चेहरे ओळखण्यात हुशार, पण आपण हुशार असतो फक्त ओळखीच्या चेहऱ्यांच्या बाबतीत. २०११ मध्ये ब्रिटनमध्ये एक गमतीशीर प्रयोग झाला. लोकांना ४० फोटो दिले आणि सांगितलं की एकेका व्यक्तीचा एकेक ढीग करा. खरं तर फोटो दोनच बायकांचे होते, प्रत्येकीचे २०, दोघीही नेदरलँड्समधल्या सेलिब्रिटी, त्यामुळे ब्रिटिश लोकांना अनोळखी. लोकांनी केले सरासरी सात-आठ ढीग! केस वेगळे, उजेड वेगळा, हसू वेगळं, की झाली वेगळी बाई. हेच फोटो डच लोकांना दिले तर त्यांनी पटापट दोन ढीग लावले कारण त्या दोघींना त्यांनी टीव्हीवर शेकडो वेळा बघितलं होतं. मग शाळेच्या आयडी कार्डावरचा एक फोटो एकदा बघून तीन वर्षांनी दाढी आलेला तोच पोरगा स्टेशनवर ओळखता येईल का? अवघड आहे.

याला उपाय एकच, परत परत बघणं. आणि इथे गाणं कामाला येतं, कारण एरवी कुठलीच सूचना माणूस स्वखुशीने तीस वेळा बघत नाही. बातमी दुसऱ्यांदा लागली की आपण चॅनल बदलतो, पण आवडतं गाणं दुसऱ्यांदा लागलं की आवाज वाढवतो. रॉबर्ट झायोन्क या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच दाखवलं होतं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आपल्याला जास्त आवडायला लागते, अगदी अर्थ न कळणारी चिन्हं असली तरी. गाण्यात हे दुप्पट होतं कारण आधी गाण्याच्या आत ध्रुवपद फिरून फिरून येतं आणि मग अख्खं गाणंच दिवसातून पाच वेळा लागतं. त्याला चिकटून आलेला चेहरा फुकटात ओळखीचा होत जातो. अर्थात फोटो तोच, कोन तोच, त्यामुळे त्या डच लोकांइतकी पक्की ओळख होणार नाही हे कबूल, पण दुधाच्या खोक्यापेक्षा कितीतरी बरी.

चेहरा आणि आकडा यांचं भांडणही इथे दिसतं. २००७ चा डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांचा अभ्यास यासाठी प्रसिद्ध आहे. लोकांना छोट्याशा कामाचे पाच डॉलर दिले आणि त्यातले आफ्रिकेतल्या भुकेलेल्यांसाठी किती देता विचारलं. काहींना माली देशातल्या सात वर्षांच्या रोकिया नावाच्या मुलीची गोष्ट फोटोसकट सांगितली, त्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले. काहींना नुसती लाखांची आकडेवारी दिली, त्यांनी १.१४. आणि ज्यांना गोष्ट प्लस आकडेवारी दोन्ही दिलं त्यांनी किती द्यावेत? १.४३! म्हणजे आकडा जोडल्यावर मदत वाढली नाही, उलट रोकियाचा वाटाच कमी झाला. गंमत म्हणजे 'रनअवे ट्रेन'चा व्हिडिओ सुरू होतो तोच दहा लाखांहून जास्त मुलं रस्त्यावर हरवलीत या वाक्याने. माझ्या मते ती पाटी काढली असती तर व्हिडिओचं काहीच बिघडलं नसतं, पण नशिबाने ती चटकन जाते आणि मग चेहरेच चेहरे येतात.

पण नुसतं हळहळून काय होतं, पुढे करायचं काय ते सोपं हवं. याचं सगळ्यात नीट मोजलेलं उदाहरण रॉकमधलं नाही, रॅपमधलं आहे. लॉजिक या अमेरिकन रॅपरने २०१७ मध्ये गाण्याचं नावच आत्महत्या प्रतिबंध हेल्पलाइनचा फोन नंबर ठेवलं. गाण्यात एक माणूस तिथे फोन करतो, समोरचा त्याचं ऐकून घेतो, आणि शेवटी त्या माणसाला जगावंसं वाटतं. व्हिएन्नाच्या थॉमस निडरक्रोटेन्थालर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये याचा हिशोब मांडला. गाणं आलं तेव्हा, एमटीव्ही पुरस्कारांत सादर झालं तेव्हा आणि २०१८ च्या ग्रॅमीत सादर झालं तेव्हा, असे ज्या ३४ दिवसांत त्याची जोरदार चर्चा होती त्या दिवसांत हेल्पलाइनला अपेक्षेपेक्षा ९,९१५ फोन जास्त आले, साधारण ६.९ टक्के. आणि त्याच काळात आत्महत्या अपेक्षेपेक्षा २४५ ने कमी झाल्या. त्या गाण्यामुळेच कमी झाल्या असं छातीठोकपणे म्हणता येत नाही, पण आधीच्या काही वर्षांचे आकडे घेऊन, ऋतूंचा परिणाम वजा करून ही तुलना केलीये, त्यामुळे हवेतली गोष्ट नाही.

नंबर तोंडात बसणं किती महत्त्वाचं हे आपल्याकडेही कुणीतरी ओळखलं होतं. चाइल्डलाइन ही अडचणीतल्या मुलांसाठीची हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली, नंबर १०९८, आणि तो म्हणायचा कसा तर 'दस नौ आठ'. रस्त्यावरच्या, शाळेत न गेलेल्या पोरालाही उलटी मोजणी पाठ असतेच की.

परत 'रनअवे ट्रेन'कडे. त्या व्हिडिओतली वीसहून जास्त मुलं सापडली असं सांगितलं जातं, आणि इथे जरा थांबून विचार करायला हवा. सापडली म्हणजे व्हिडिओमुळे सापडली का? घरातून पळालेली बरीच मुलं तशीही परत येतात. लॉजिकच्या गाण्यासारखी 'गाणं नसतं तर काय झालं असतं' ही तुलना इथे कुणाकडे नाही, त्यामुळे तो आकडा मी तरी व्हिडिओच्या नावावर सगळाच्या सगळा लिहिणार नाही.

आणि सापडणं म्हणजे दर वेळी सुटका, असंही नाही. बँडचा गिटारवादक डॅन मर्फी याने नंतर एका मुलाखतीत सांगितलं की टूरवर एक मुलगी त्यांना भेटली आणि हसत हसत म्हणाली, तुम्ही माझं आयुष्य बरबाद केलंत. बॉयफ्रेंडच्या घरी टीव्हीवर तिला स्वतःचाच फोटो दिसला आणि त्यातून ज्या वाईट घरातून ती पळाली होती तिथेच तिला परत जावं लागलं. 'तुम्हीच यातले एक असाल तर' हे वाक्य म्हणूनच मला महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात निदान मुलाला स्वतःहून फोन उचलायची जागा आहे, नाहीतर बाकी सगळं आवाहन शोधणाऱ्यांच्याच बाजूचं. आणि ब्रिटनच्या व्हिडिओत ज्या दोन मुली होत्या, दोघीही १९९१ मध्ये बेपत्ता झालेल्या, त्यांचे अवशेष २००७ मध्ये मार्गेट गावातल्या एका घराच्या मागच्या अंगणात सापडले. एकाच माणसाने दोघींचा खून केला होता. गाणं वाजत होतं तेव्हा त्या कुठेच कुणाला दिसणार नव्हत्या.

२०१९ मध्ये नव्या गायकांना घेऊन हे गाणं परत केलं, आणि यावेळी तुम्ही व्हिडिओ जिथून बघताय त्या भागातलीच बेपत्ता मुलं दिसावीत अशी सोय केली. कल्पना एकदम बरोबर, कारण हजार मैलांवरच्या पोराला मी कुठे भेटणार. पण एकच व्हिडिओ तीस वेळा बघायला लावणारा एमटीव्ही आता कुठे राहिलाय, आता स्किपचं बटण आहे.

हा लेख लिहायच्या आधी मी जुना व्हिडिओ एकदा पूर्ण बघितला, लॅपटॉप बंद केला, चहा केला आणि अर्ध्या तासाने कागदावर लिहून बघितलं की कोण कोण आठवतंय. एक मुलगी, तिचे केस, बस. नाव नाही, साल नाही. ध्रुवपदाची चाल मात्र भांडी घासतानाही चालू होती.