संस्कार, ख्रिस्ती

पाणी, भाकर, द्राक्षारस, तेल अशा साध्या वस्तू आणि ठरलेले शब्द यांच्या योगे देवाची कृपा लाभते, अशी श्रद्धा ज्या ख्रिस्ती विधींमागे असते ते संस्कार किंवा साक्रामेंत. त्यांच्या संख्येवरचा वाद प्रसिद्ध आहे. पण खरा मतभेद विधीत कर्ता कोण, देव की माणूस, यावर आहे.

कॅथलिक पंथ सात संस्कार मानतो : बाप्तिस्मा, दृढीकरण (बाप्तिस्म्याची पुष्टी), ख्रिस्तप्रसाद (भाकर-द्राक्षारसाचे सेवन, म्हणजेच प्रभुभोजन), प्रायश्चित्त (वसई-गोव्याकडचे कुमसार), रुग्णाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह. सातांहून कमी नाहीत नि जास्तही नाहीत, असे कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने १५४७ मध्ये ठरवून टाकले. कर्ता ख्रिस्तच असल्याने धर्मगुरू पापी असला तरी विधी फोल ठरत नाही. चौथ्या-पाचव्या शतकांत उत्तर आफ्रिकेतील, पापी धर्मगुरूचा विधी फोल मानणाऱ्या दोनातवाद्यांशी संत ऑगस्टीनचा झगडा यावरूनच झाला. मूल दगावण्याची भीती असेल, तर दाईनेही पाणी घालून ‘पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने’ बाप्तिस्मा द्यावा. चर्चला अभिप्रेत तेच करण्याचा तिचा हेतू हवा, ती स्वतः ख्रिस्ती नसली तरी चालते.

ऑर्थोडॉक्स चर्चही सहसा सातच मोजते, पण आकड्याचा हट्ट धरत नाही. तिथे तान्ह्या बाळाला तीनदा पाण्यात बुडवून, अभ्यंग करून लगेच चमच्याने ख्रिस्तप्रसादही देतात. रोमन परंपरेतील मुलाला मात्र त्यासाठी जाणते वय येईपर्यंत थांबावे लागते.

प्रॉटेस्टंटांनी बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोनच ठेवले. त्यातही एकमत नाहीच. १५२९ मध्ये जर्मनीतील मारबुर्गला धर्मसुधारक लूथर आणि झ्विंग्ली समेटासाठी भेटले. लूथरने भाकरीविषयीचे ख्रिस्ताचे ‘हे माझे शरीर आहे’ हे शब्द खडूने टेबलावर लिहिले आणि तो त्यांवरून हटला नाही. झ्विंग्लीच्या मते ते भोजन स्मरणापुरते होते. इतर बहुतेक मुद्दे जुळूनही समेट फिसकटला. बाप्टिस्ट तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. श्रद्धा कबूल करणाऱ्यालाच देतात. क्वेकर आणि मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) हे पंथ असे विधी करतच नाहीत.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले, तेव्हा तान्ह्यांनाही बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन आणि बाप्टिस्ट एका छताखाली आले. बालकाचा आणि प्रौढाचा, दोन्ही बाप्तिस्मे ग्राह्य धरल्यामुळेच ते जमले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पण १९१७ मध्ये त्यांनी काढलेल्या ‘देवाचा दरबार’ या भक्तमंडळात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती.